झाडे जॉबरचा चार वाजताचा ग्लास

आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे पिणारा माणूस स्टीलच्या ग्लासातून पितो, आणि तेही भिंतीकडे तोंड करून. अख्ख्या हिंगणघाटात एकच माणूस मला असा माहीत आहे, जो रोज दुपारी चार वाजता रस्त्यावरच्या ओट्यावर खुर्ची टाकतो, काचेचा ग्लास उन्हात रंग दिसेल असा कठड्यावर ठेवतो, गाणं लावतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करतो. गुलाबराव झाडे. माझे शेजारी आणि आमच्या ह्यांचे जुने दोस्त. आमचे हे गेले, पण झाडे मला अजून "वयनी"च म्हणतात.

सारा मोहल्ला त्यांना झाडे जॉबर म्हणतो. कापडाच्या मिलमध्ये ते लूम खात्यात जॉबर होते. म्हणजे चाळीस माग आणि ते चालवणारी माणसं, सगळं त्यांच्या हाताखाली. त्या धडधडाटात शेजारच्याला हाका मारायच्या तर कानाला तोंड लावावं लागे. तिथे हा माणूस डोळे मिटून सांगायचा, "सतरा नंबरवर धागा तुटला." आणि तुटलेला असायचा. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ही गोष्ट ते आठवड्यातून दोनदा सांगत. वर म्हणत, "मी कानाचा माणूस आहो, वयनी."

या कानाच्या माणसाचा एक सिद्धांत होता. कोरड्या कानानं गाणं ऐकायचं नाही.

"कान ओले पाह्यजे," ते ग्लास उचलून म्हणत. "पहिल्या घोटाले पेटी ऐकू येते. दुसऱ्याले तबला उघडते. अन् तिसऱ्याले काय ऐकू येते, माहीत आहे?"

"काय?"

"गाणारी बाई श्वास कुठं घेते, थे."

मग ते आपल्या स्पीकरजवळ सरकत. दोन हात उंच काळा खोका तो. त्याच्यावर पंजा पसरून असे बसत, की जणू एखाद्यानं लाडक्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवावा. आवाज इतका मोठा, की आमच्या घरातली भांडी फळीवर थरथरत. गाणारी बाई तान घेऊन परत जागेवर आली, की हे मागाहून म्हणत, "वा." जरा उशिरानं, पण मनापासून.

दोन वर्षांत त्यांच्या पिण्याची चढतीच कमान झाली होती. मी विचारलं, "झाडेभाऊ, तुरीचे भाव काय म्हणतात?" तर म्हणाले, "हाव, परवाच बारसं झालं." सुनेनं, वंदनानं, विचारलं, "बाबा, भाजी कशाची करू?" उत्तर आलं, "मंगळवारी." मोहल्ल्यात हसं व्हायचं. मुलगा प्रमोद वर्ध्याला नोकरीला, रोज जाऊन येऊन करणारा. तो संध्याकाळी थकून घरी आला, की बापासमोर उभा राहून धडाधड बोलायचा. झाडे खाली मान न घालता सगळं ऐकून घेत. उलट त्याच्या तोंडाकडे असे टक लावून पाहत, की मला वाटायचं, काय निर्लज्ज म्हातारा आहे.

आता मी कोण, ते सांगते. तिशीत असताना मी दारूबंदीच्या बायकांची पुढारी होते. पदर खोचलेला, हातात लाटणं, आणि बोलायला उभी राहिले की "भगिनींनो" म्हटल्याशिवाय खाली बसायची नाही. एकदा हिंगणी गावात एका घरात शिरून मी चुलीमागचं मडकं काढलं. आंबूस वास आला. "हा वास मी ओळखते," असं ठणकावून मडकं अंगणात आपटलं. घरची बाई शांतपणे आली. माझ्या पदरावर उडालेलं बोटावर घेतलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. "चाखून पाय नं, बाई. ज्वारीचं आंबील आहे. माह्या लेकराचं जेवण होतं." मी काही चाखलं नाही. पुढाऱ्याच्या तोऱ्यात परत निघाले, आणि नाक्यापर्यंत जाईस्तोवर माझ्यामागे पाच कुत्री लागली, ती आंबिलाच्या वासानं.

सांगायचं हे, की ज्या वस्तूशी मी इतकी वर्षं भांडले, तिची चव काय, हे मला ठाऊक नव्हतं. आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आमची भांडी रोज चार वाजता थरथरत असताना, माझ्या मनात एक चावट प्रश्न घर करून बसला होता. खरंच का हो प्यायल्यावर गाणं जास्त गोड लागतं?

तेवढ्यात एका शुक्रवारी वंदना माझ्याकडे आली. डोळे सुजलेले.

"काकू, यायनं नागपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात बोलून ठेवलं. उद्या पाच वाजता गाडी घेऊन येते. तीन महिने ठेवतात म्हणे. बाबाले सांगतलं तं हसले नुसते. तुमीच समजावा. तुमचं ऐकतात थे."

"वास येतो का गं त्यांच्या तोंडाला?"

"नाई नं. म्हणूनच तं भेव वाटते. वास नाई म्हणजे महागाची असन."

शनिवारी चारला मी ओट्यावर जाऊन बसले. समजवायला गेले होते, पण खरं सांगते, तीन महिन्यांसाठी ग्लास जाणार म्हटल्यावर माझा प्रश्नही त्याच्याबरोबर जाणार, याचीच मला जास्त रुखरुख होती. मी त्यांच्या पुढ्यात खुर्ची ओढली आणि म्हटलं, "झाडेभाऊ, मला एक ग्लास द्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमाले?"

"हो. कान ओले करायचे आहेत."

ते आत गेले आणि ग्लास घेऊन आले. मी डोळे मिटून मोठा घोट घेतला. कडू. जिभेच्या मुळापासून कडू, वर घशात तुरट. मनात म्हटलं, याच्यासाठी लोक संसार विकतात? पण दुसऱ्या घोटाला गंमत झाली. ठुमरी लागली होती, आधी शंभरदा ऐकलेली. तीच बाई आता माझ्या शेजारी बसून गाते आहे, असं वाटायला लागलं. सारंगी पाठीवरून हात फिरवत गेली. कान तापले. पाय हलके झाले. तिसऱ्या घोटाला मी मान डोलवत होते, आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायकांना मी रामराम केला, असं त्या अजून सांगतात.

"गोड लागते नं?" झाडे म्हणाले.

"लय," मी म्हटलं. तोवर भाषाही सैल झाली होती.

त्यांनी खोक्यावरचा हात काढला, डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला. मीही डोळे मिटले. आणि ऐकता ऐकता मला ऐकू येणंच बंद झालं. एकदम. सारंगी नाही, बाई नाही, काही नाही. मी घाबरले. वाटलं, म्हातारपणी नको ते केलं, चढली ती थेट कानांवर चढली. आता आयुष्यभर असंच.

समोरून आवाज आला, "वा."

झाडे मांडीवर ताल देत होते.

मी डोळे उघडले. आतल्या खोलीतला पंखा फिरायचा थांबला होता. खोक्यावरचा लाल दिवा विझलेला. लाईट गेली होती. रस्त्यावरची सायकलची घंटी मला स्वच्छ ऐकू आली. म्हणजे माझे कान जागेवर होते.

"वा," झाडे पुन्हा म्हणाले, त्या शांततेला.

मी उठून त्यांच्या पाठीमागे गेले. "झाडेभाऊ." मग मोठ्यानं, "झाडेभाऊ." मग तिशीतल्या पुढाऱ्याच्या आवाजात. समोरच्या घरातला माणूस खिडकीत आला, पण झाडे ताल देत राहिले.

मी समोर येऊन बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि खोक्यावर पंजा ठेवून पाहिला. खोका मेलेला.

"चहा आहे थो, वयनी," मग म्हणाले. "कोरा. कडू चिरायता टाकून."

मी ग्लासाकडे पाहिलं. म्हणजे चहा पिऊन मी रस्त्यावरच्या बायकांना रामराम घातला होता.

"केव्हापासून ऐकू येत नाही?" मी तोंड हलवून हलवून विचारलं.

"उजव्यानं पाच वर्षं. डाव्यानं दोन. मागांनं नेले कान. पंज्याले ताल समजते, बाकी मनात आहे सारं. थे बाई कुठं श्वास घेते, मले पाठ आहे."

"मग दारूचं सोंग कशाला? कानाला मशीन नाही का लावता येत?"

"लावून पाह्यली नं लपून. नुसता गोंगाट होते, माग सुरू केल्यावानी." ते रस्त्याकडे पाहत राहिले. "लूम खात्यातला माहा दोस्त होता एक. बहिरा झाला. घरच्यायनं दोन महिने ओरडून ओरडून सांगतलं, मंग सोडून देल्लं. ताट समोर ठेवत अन् निघून जात. पाच वर्षं जिता होता थो, कोणी बोललं नाई त्याच्याशी. बेवड्याचं तसं नसते, वयनी. बेवड्याले शिव्या देतात. पण समोर उभं राहून देतात, तोंडाकडे पाहून. मले होटावरून समजते सारं. प्रमोद रोज अर्धा घंटा बोलते माह्याशी."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"मी सांगते त्याला," मी म्हटलं.

"नोको. तीन महिने जाईन मी. तिथंही समोर बसवून समजावतच असतीन नं."

गाडी पाचच्या आधीच आली. प्रमोद उतरला. वंदना आतून बॅग घेऊन दारात उभी राहिली. तो बाजूच्या फाटकातूनच, बापाच्या पाठीमागून बोलत आला, "बाबा, चाला. नाटक नोको आज. उठा म्हणतो मी." झाडे माझ्याकडे पाहत होते. हलले नाहीत. प्रमोदचा आवाज चढला.

मी कठड्यावरचा ग्लास उचलून प्रमोदच्या हातात दिला. "पी," म्हटलं. त्यानं आधी वास घेतला, मग जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "चहा आहे हे."

"आता इथून, मागूनच, हाक मार त्यांना. शिवी दे पाहिजे तर."

त्यानं मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा "बाबा" म्हणताना त्याचा आवाज अगदी खाली आला. वंदनानं हातातली बॅग हळूच जमिनीवर ठेवली.

प्रमोद वळसा घालून समोर आला आणि बुटासकट ओट्यावर, बापाच्या पायाशी बसला. तोंड वर करून. ओठ हलले, पण त्यातून शब्द काही निघेनात.

झाडे वाकून त्याच्या ओठांकडे पाहत वाट पाहत होते.

"बोल नं, लेका," ते म्हणाले. "काहीबी बोल."