चोवीस बिटांचं अस्वल

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना कान होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला शंका येणार आहे. शंका आली की मनात ठेवा, मध्ये बोलू नका.

त्या जंगलात वासूअण्णा नावाचं अस्वल राहत असे. स्वभावाने चांगलं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. मग अण्णांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्याला दोन मोठे स्पीकर जोडले. झालं, तिथून त्यांचं डोकं फिरलं.

त्याच जंगलात गोदाक्का नावाची म्हातारी शामा होती. शामा म्हणजे काळी, लांब शेपटीची, गाणारी पक्षीण. त्यांचं गाणं ऐकताना वाघसुद्धा पाणी प्यायचं विसरायचा म्हणे. आता अक्कांचा गळा गेला होता. कानही चालले होते. कासववैद्यांनी तपासलं आणि म्हणाले, "पळस फुलेपर्यंत ऐकू येईल. पुढचं मी सांगत नाही."

अक्कांची एकच इच्छा उरली होती. स्वतःचं गाणं एकदा ऐकायचं.

"जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं," त्या म्हणत. "गाताना स्वतःला कुठे ऐकू येतं? सगळा जीव पुढच्या जागेत अडकलेला असतो."

त्यांच्या शेवटच्या मैफलीचं एक रेकॉर्डिंग तेवढं होतं. जंगलात दुसरं नव्हतंच. आणि ते होतं अण्णांच्या कॉम्प्युटरवर. तेव्हा थंडीच्या एका सकाळी अक्का अण्णांच्या गुहेत आल्या.

"या, अक्का, बसा," अण्णा म्हणाले. "दोन मिनिटं. जरा सेटिंग बघतो."

आता दोन मिनिटं म्हणजे किती, हे तुमच्या घरात कुणी कॉम्प्युटरसमोर बसत असेल तर तुम्हाला ठाऊक आहेच.

अण्णांनी फाइल लावली. आधी तंबोरा वाजला. मग कुणीतरी खोकलं. मैफलीला आलेलं तरस होतं ते. खोकल्यानंतर अक्कांचा पहिला सूर लागणार होता. अक्कांनी डोळे मिटले. आणि अण्णांनी फाइल बंद केली.

"खोकला ऐकलात?" अण्णा म्हणाले. "फार कोंदट येतोय. सोळा बिटांवर राहिलंय वाटतं. चोवीसवर नेतो."

दुसऱ्या दिवशी चोवीस बिट झाले. तंबोरा, खोकला, बंद. तिसऱ्या दिवशी साउंड कार्डाचा ड्रायव्हर बदलला. तंबोरा, खोकला, बंद. मग इक्वलायझरचे खटके वरखाली झाले. मग दोन्ही स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे आले आणि अक्कांना खुर्चीसकट वीतभर मागे सरकवलं गेलं. अक्का रोज डोळे मिटत आणि रोज उघडत.

अण्णांची बायको शकूताई. तिला राहवेना. ती म्हणाली, "अहो, हे गाणं माकडाने झाडावर बसून साध्या मोबाइलवर घेतलं होतं ना? त्यात जेवढं आलंय तेवढंच वाजणार. चोवीस बिट करून त्यात काय भर पडणार आहे?"

"तुला त्यातलं कळत नाही," अण्णा म्हणाले.

हे वाक्य नवऱ्यांना सर्व जंगलांत पाठ असतं.

बरं, अण्णा एकटेच वेडे असते तर भागलं असतं. पण त्या जंगलात एक रिवाज होता. निनादरावांनी पंख झटकल्याशिवाय 'छान वाजतंय' असं कुणी म्हणायचं नाही. निनादराव म्हणजे वटवाघूळ. दुसऱ्या कुणाला जे ऐकू येत नाही, ते निनादरावांना ऐकू येतं, म्हणून ते जाणकार. दुसऱ्यांना जे ऐकू येतं ते त्यांना आवडतं का, हे कुणी कधी विचारलं नाही. विचारणारा अडाणी ठरला असता.

निनादराव भर दुपारी झोप मोडून येत. त्यामुळे त्यांचे उपकार दुप्पट. ते छताला उलटे लटकत आणि म्हणत, "वरचे सूर येत नाहीत, वासूअण्णा."

"कुठले वरचे?"

"त्याच्याही वरचे."

अण्णा मान डोलवत. त्यांना ते सूर कधी ऐकू आले नव्हते, येणारही नव्हते. पण तसं कबूल कोण करणार? ते पुन्हा कॉम्प्युटरवर वाकत. सॅम्पल रेट वाढला. स्पीकरच्या वायरी बदलल्या. त्या वायरी जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली लाकडाचे ठोकळे आले. ठोकळे शिसवाचे, कारण सागावर आवाज सुस्तावतो असं निनादरावांचं मत पडलं.

पळसाला कळ्या धरल्या. अक्कांना आता कुणी दोनदा हाक मारल्याशिवाय कळत नसे. एक दिवस त्या म्हणाल्या, "वासू, कसंही वाजलं तरी चालेल रे मला."

अण्णांना हे फार लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं गाणं, आणि कसंही? अक्का, माझ्या हातून तुमचा अपमान होणार नाही."

मुलांनो, अण्णा खोटं बोलत नव्हते. त्यांचा अक्कांवर खरोखर जीव होता. मला राग येतो तो त्याचाच. दुष्ट असते तर शकूताईने त्यांना बाजूला सारून बटण दाबलं असतं.

पळस फुलला. रान लालभडक झालं आणि त्याच आठवड्यात निनादरावांनी पंख झटकले. झटकले, एकदाचे. अण्णांनी सगळ्या जंगलाला बोलावलं. हरणं आली, रानडुकरं आली, तरसही आलं. अक्कांना बरोबर मधोमध बसवलं, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर. अण्णांनी ते दोरीने मोजलं होतं.

आणि या वेळी अण्णांनी गाणं थांबवलं नाही. तंबोरा, खोकला, आणि मग अक्कांचा सूर लागला. काय सांगू तुम्हाला. साध्या मोबाइलवरचंच होतं ते, पण गाणं गाणं होतं. हरणांनी कान टवकारले. रानडुकरं डुलायला लागली. अक्का डोळे मिटून शांत बसल्या होत्या, अगदी ताठ. शकूताई मात्र स्पीकरकडे बघत नव्हती. ती अक्कांकडेच बघत होती.

गाणं संपलं. निनादराव म्हणाले, "आता वरचे सूर आले." मग सगळे म्हणाले, "छान वाजलं." अण्णांचा ऊर भरून आला. ते अक्कांच्या खुर्चीपाशी गेले आणि त्यांनी वाकून नमस्कार केला.

अक्कांनी डोळे उघडले. समोर वाकलेल्या अस्वलाच्या डोक्यावर त्यांनी पंख ठेवला आणि हळूच विचारलं, "वासू, झालं का रे तुझं सेटिंग? मग लाव ना आता."

तात्पर्य : चांगल्या आवाजासाठी कधीही घाई करू नये. गाणारे जातात, ऐकणारेही जातात. सेटिंग तेवढं सेव्ह करून ठेवता येतं.