मागच्या डाव्या चाकाचं टक्

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: मला गाडीतलं कळतं! म्हणजे त्या दिवशी सकाळी दहापर्यंत तरी कळत होतं.

झालं असं, की आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुपारी चारला तिला घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाठीला एकही हादरा बसता कामा नये." आणि आमची गाडी अशी, की नुसत्या काडेपेटीवरून गेली तरी आतल्या माणसाचे दात एकमेकांची विचारपूस करतात! म्हणून मी मागच्या चाकांना दोन नवे शॉकअप मागवले. कंपनीचे नव्हेत, बाहेरचे; पण खोक्यावर धावत्या चित्त्याचं चित्र होतं. आणि गॅरेजचं तोंडही न बघता आदल्या दिवशी ते स्वतः बसवले.

"आईला वाटेल, आपण पाळण्यात बसलोय," मी बायकोला म्हणालो.

सकाळी गाडी काढली. पहिल्याच गतिरोधकावर मागून, डावीकडून आवाज आला. टक्!

"पाळण्याची कडी निसटली वाटतं," बायको म्हणाली.

मी डिकीतली छत्री काढली. टक्! जॅक काढला, जादा चाक काढलं. टक्! गाडीखाली लोळून दिसेल तो नट आवळला. माझा शर्ट तव्यासारखा काळा झाला, पण टक् काही जागचं हलेना! दोन वाजले.

"गॅरेजवाल्या काकांकडे नेऊ या ना," बायको म्हणाली.

"आवाज नेमका कुठून येतो ते कळलं की झालं! तू चालव, मी डिकीत झोपून ऐकतो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"डोकं डाव्या बाजूला ठेवतो. कान तिकडेच हवा!"

ठरलं असं, की मी आतून एकदा ठोकलं तर पुढे जायचं, दोनदा ठोकलं तर थांबायचं. मी गुडघे छातीशी घेऊन डिकीत शिरलो. दातांत टॉर्च, हातात पाना.

आता समोरच्या काकू नेमक्या त्याच वेळी गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या, याला मी काय करणार? त्यांनी काय पाहिलं, तर मी डिकीत मुटकुळं करून पडलोय आणि माझी बायको म्हणतेय, "आता गप्प पडून राहा! तोंडातून एक आवाज काढायचा नाही!" आणि धाडकन झाकण बंद! काकूंनी पिळलेली चादर तशीच सोडून पोलिसांना फोन लावला.

आत मी कान टवकारून पडलो होतो. बरगडीत काहीतरी टोचत होतं, पण संशोधकाने असल्या गोष्टींकडे लक्ष द्यायचं नसतं. एक गतिरोधक गेला. दुसरा गेला. आवाजच नाही! तेवढ्यात गाडी थांबली. ही घाबरली असणार, असं समजून मी 'चल' म्हणून एकदा ठोकलं. ठक्!

बाहेरून एक भारदस्त आवाज आला, "बाई, डिकीत काय आहे?"

"नवरा."

"काय?"

"आवाज शोधतोय."

"कुणाचा?"

मी पुन्हा ठोकलं. ठक्!

"अरे, जिवंत आहे!" तो आवाज ओरडला आणि डिकी उघडली. समोर हवालदार! मी टॉर्च तोंडात धरूनच नमस्कार केला.

"घाबरू नका. कुणी कोंडलंय तुम्हाला?"

"कुणी नाही हो! मी स्वतःच्या मर्जीने आलोय."

"बायकोसमोर सगळे हेच म्हणतात," हवालदार हळूच म्हणाले आणि मला बाजूला घेऊन गेले.

शॉकअपपासून मणक्यापर्यंत सगळं सांगावं लागलं. बायकोने पुरवणी जोडली, "आणि हा डिकीत शिरल्यापासून आवाज बंद आहे!"

हवालदारांनी विचार केला. "मग यांना तिथेच राहू द्या की!"

तीन वाजले होते. मी मुकाट्याने गाडी गॅरेजला नेली.

काकांनी गाडीखाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. डिकीतली चटई उचलली, शॉकअपच्या वरच्या टोकाचा नट दोन बोटांत धरला आणि बाटलीच्या झाकणासारखा गरगर फिरवला! खालचे सगळे नट मी आवळले होते. वर चटईखालीही एक असतो, त्याला पाना लावायचाच राहिला होता. दिवसभर ज्याला शोधत होतो, त्याच्यावरच मी बरगडी टेकून झोपलो होतो. माझ्या वजनाने तो दबला आणि आवाज बंद!

"शॉकअप चांगले आहेत," काका म्हणाले. "बसवले कुणी?"

"आहे एक जण," मी म्हणालो. "हौशी."

"त्याच्याकडे परत जाऊ नका."

"मला रोज त्याच्याकडेच परत जावं लागतं, काका!" बायको म्हणाली.

चारच्या ठोक्याला आम्ही हॉस्पिटलच्या दारात होतो. नर्सने आईला अलगद मागे बसवलं, बायको तिचा हात धरून शेजारी बसली. मी श्वास रोखून गाडी काढली. पहिला गतिरोधक आला. गेला. टक् नाही, टुक् नाही! आरशात पाहिलं, तर आईच्या कपाळावरची आठी सैल झाली होती.

"गाडी छान झाली रे," आई म्हणाली. "मला जाणवलंही नाही. कुणी केलं काम?"

माझी जीभ वळवळली. आरशात बायकोचे डोळे दिसले.

"गॅरेजवाल्या काकांनी," मी म्हणालो.

"तरीच!" आई म्हणाली आणि तिने निर्धास्त डोळे मिटून घेतले.