सासूबाईंची कक्षा

"आई, टेबलावरची काळी पेटी कुठाय?"

"जपून ठेवलीय," सासूबाई समाधानानं म्हणाल्या, आणि सून मटकन खाली बसली.

सासूबाईंनी जपून ठेवलेली वस्तू त्या घरात पुन्हा कुणाला दिसली नव्हती. सासऱ्यांची कवळी अशीच जपली गेली, तेव्हा नवी होईपर्यंत ते महिनाभर हसले नव्हते.

सून खगोलशास्त्रज्ञ. दूरच्या दीर्घिकेच्या पोटातल्या महाकाय कृष्णविवराचं चित्र जगभरच्या दुर्बिणींची निरीक्षणं जोडून तयार व्हायचं होतं. माहिती इतकी अवजड, की इंटरनेटवरून जाईना. डिस्क भरून कुरिअरनंच पाठवायची. त्या डिस्क पेटीत होत्या. दुसरी प्रत नव्हती. कुरिअरवाला चारला येणार होता, आणि तीन वाजून गेले होते.

कपाटं उपसली, गाद्या उलथ्या केल्या. सासरे पलंगाखाली सरपटत गेले आणि तिथेच अडकले.

"आईचं जपणं म्हणजेच कृष्णविवर," नवरा म्हणाला. "आत गेलं ते गेलं."

"फोडा, माझ्याच नावानं खडे फोडा!" सासूबाई रडवेल्या झाल्या. "आणि काय गं, तुझं ते विवर तरी दिसतं का? मग सापडतं कसं?"

"भोवतीचे तारे बघतो, आई. रिकाम्या जागेभोवती ते गरगर फिरत असले, की समजायचं, तिथं कुणीतरी जबरदस्त बसलंय." बोलता बोलता सून थांबली. "आई, तुम्ही जरा घरात फिरा बघू. नेहमीसारख्या."

ती कागद-पेन्सिल घेऊन स्टुलावर बसली. सासूबाई स्वयंपाकघर, गॅलरी, बाहेरची खोली करत राहिल्या. सून रेघा ओढत राहिली. वीस मिनिटांत कागदावर नुसता गुंता झाला, पण प्रत्येक रेघ बंद पडलेल्या वॉशिंग मशीनला वळसा घालत होती. तिथे आल्या की सासूबाईंचा वेग वाढे, आणि झाकणावरून नकळत हात फिरे.

सुनेनं झाकण उघडलं. आत पेटी होती. पेटीखाली कवळी हसत होती.

"देवाशपथ, मला आठवत नव्हतं गं!"

"तुम्हाला नव्हतं, आई. पायांना होतं."

"सापडली ना?" पलंगाखालून आवाज आला. "मग आता मला काढा."

चारला पेटी गेली. पावतीसाठी सासूबाईंनी हात पुढे केला. "दे, जपून..."

"नको!" तिघंही ओरडली. "मीच ठेवते," सून म्हणाली.

सहा वाजता संस्थेतून फोन आला. पावतीवरचा नंबर हवा होता. सुनेनं पर्स झाडली, खण उपसले, खिसे उलटे केले, आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली.

सासूबाईंनी चष्मा लावला, स्टूल ओढलं, मघाचा कागद उलटा केला आणि पेन्सिलीला टोक काढलं.

"हं, फिर गं बाई. नेहमीसारखी."