पांढऱ्या दोऱ्याचं वेबपेज

बाळांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक पान आहे. पानावर एक शब्द आहे आणि त्या शब्दाखाली रेघ ओढलेली आहे. तो शब्द असा: दार. आता त्यावर उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवा. जोर लावू नका. दार उघडेपर्यंत थांबा. (उघडलं नाही तरी बोट काढू नका. विद्या संयमानेच येते.) तोवर मी गोष्ट सांगतो.

झाकून ठेवलेली वस्तू टिकते, हे थोरामोठ्यांनी सांगूनच ठेवलं आहे. दूध झाकावं, दिवा वाऱ्यापासून झाकावा, आणि मूठ झाकलेली असली तरच तिची किंमत राहते. याच तत्त्वावर एका महाविद्यालयाने आपली संगणक प्रयोगशाळा उभी केली होती. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. तीस संगणक, तीस खुर्च्या, तीस कव्हरं. कव्हरं जाड निळ्या कापडाची होती आणि त्यांच्या नाड्या मागच्या बाजूला भिंतीकडे बांधलेल्या असत, म्हणजे सहजासहजी कोणाचा हात पोचू नये. खोलीची किल्ली प्रयोगशाळेच्या शिपाईकाकांच्या कमरेला. अकरा वर्षांत या प्रयोगशाळेतला एकही संगणक बिघडला नव्हता. (इतर महाविद्यालयांत लोक संगणक वापरतात, आणि मग ते बिघडले म्हणून डोक्याला हात लावून बसतात.)

शिवाय वर्गात मुलं चाळीस आणि संगणक तीस. म्हणजे दहा जणांवर अन्याय झाला असता. महाविद्यालय न्यायप्रिय होतं. त्याने कोणालाच संगणक दिला नाही.

अशा ठिकाणी पहिल्या वर्षाला ‘वेबपेज रचना: प्राथमिक ओळख’ हा विषय शिकवला जाई. शिकवणारे सर अत्यंत कष्टाळू. पहिल्याच तासाला ते खडू हातात घेऊन सांगत, “संगणकावर काय, कोणीही करेल. वहीत करून दाखवा!”

आणि मुलं करून दाखवत. कसं, ते नीट ऐका, कारण पुढे याचं काम पडेल. दोनशे पानांची वही घ्यायची. डावीकडे चार बोटं समास. वेबपेज लिहिताना प्रत्येक मजकुराच्या आधी आणि नंतर टोकदार कंसात एक खूण करावी लागते; तिला टॅग म्हणतात. टॅग लाल शाईने, मजकूर निळ्या शाईने. समोरच्या कोऱ्या बाजूला ते पान संगणकावर कसं दिसलं असतं त्याचं चित्र, पेन्सिलीने. पानावर चित्र फिरतं ठेवायचं असेल तर पुठ्ठ्याची चकती करून मध्ये टाचणी. आवाज हवा असेल तर तो विद्यार्थ्याने स्वतः तोंडाने काढायचा.

सगळ्यात नाजूक भाग लिंकचा. एका पानावरच्या शब्दावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडावं, याला लिंक म्हणतात. वहीत हे साधायला सरांनी दोरा आणला. शब्दाखाली भोक पाडायचं, त्यातून शिलाईचा पांढरा दोरा ओवायचा आणि तो ज्या पानावर जायचं त्या पानाला गाठ मारून बांधायचा. परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक शब्दावर बोट ठेवत, की विद्यार्थ्याने दोरा खेचून तीन सेकंदांच्या आत पान उघडायचं. दोरा तुटला तर ‘पान सापडत नाही’ असं खणखणीत आवाजात म्हणायचं. त्याचा अर्धा गुण मिळे.

वहीला कसर लागू नये म्हणून कपाटात डांबरगोळ्या ठेवत. सर त्याला विषाणूपासून संरक्षण म्हणत.

गुणांची विभागणी अशी: समास दहा, अक्षर वीस, दोरा वीस, वहीला घातलेलं कव्हर दहा, तोंडी परीक्षा चाळीस. चाळीस मुलं, प्रत्येकाची सहा पानं, अशी अकरा वर्षं. एकूण दोन हजार सहाशे चाळीस वेबपेजं या महाविद्यालयाने तयार केली. त्यांपैकी पडद्यावर उघडलेली: शून्य. तक्रारी: त्याही शून्य. हे प्रमाण जगात कुठेच आढळत नाही.

या वर्गात एक मुलगी होती. तिच्या गाठी कधी सुटत नसत, म्हणून पोरं तिला गाठवाली म्हणत. सुटणार कशा? तिची आई शिलाईची यंत्रं दुरुस्त करायची. पोरगी चालायला लागली तेव्हापासून दोऱ्यात वाढलेली.

पण आईचं दुकान हललं होतं. जुन्या इमारतीला भेगा पडल्या म्हणून मालकाने सगळ्यांना बाहेर काढलं आणि आईला मागच्या गल्लीत एक खोली मिळाली. जुन्या दुकानाच्या शटरवर तिने चिकटवलेला नव्या पत्त्याचा कागद दुसऱ्या दिवशी कोणीतरी वर गाद्यांची जाहिरात चिकटवून झाकला. (झाकलेली वस्तू टिकते. तो कागद अजून तिथे असेल.) गिऱ्हाइकं यायची, बंद शटर बघायची, “बाईंनी धंदा सोडला वाटतं” म्हणायची आणि यंत्र उचलून परत न्यायची. नव्या खोलीत पंधरा दिवसांत एकच माणूस आला. तोही दुसऱ्याच कोणाचा पत्ता विचारायला.

पोरीने हा विषय घेतला तो एवढ्यासाठीच. लोक हल्ली पत्ता आधी फोनवर शोधतात. आईच्या नावाचं एक पान तिथे असलं की झालं.

“आज काय शिकलीस?” आई रोज विचारायची.

“गाठ मारायला.”

“ती मी तुला तिसऱ्या वर्षी शिकवली होती.”

“ही लिंकची गाठ आहे, आई.”

“सुटते का?”

“नाही.”

“मग माझीच आहे,” असं म्हणून आई पुन्हा तेलाची बुधली उचलायची. थोड्या वेळाने, वर न बघता, “या महिन्यात जमलं नाही तर ही खोलीही सोडावी लागेल. यंत्रं कुठे ठेवायची तेवढं बघून ठेव,” असंही म्हणायची.

आता प्रयोगशाळेच्या नियमांत एक बारीक फट राहिली होती. नियम सोळा: दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कव्हरं धुवावीत. ती गच्चीवर वाळेपर्यंत, म्हणजे दहा ते दोन, तीस संगणक उघडे पडत. त्या शनिवारी गाठवाली काकांपुढे जाऊन उभी राहिली.

“काका, मी धुऊ लागते.”

“अगं पोरी, तीस आहेत.”

“दोन बादल्या करू. तुम्ही पिळा, मी वाळत घालते.”

अकरा वर्षांत काकांना असं कोणी म्हटलं नव्हतं. साडेदहाला दोरीवर तीस कव्हरं फडफडत होती आणि गाठवाली खिडकीजवळच्या संगणकापुढे बसली होती. काकांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. “चालू करतेस ती बंद तूच कर. मला त्यातलं काही कळत नाही, आणि समजून घ्यायला सांगितलेलंही नाही.”

तिने वहीतलं आईच्या दुकानाचं पान उघडलं आणि लाल शाईतले टॅग न् टॅग, निळ्या शाईतला शब्द न् शब्द, जसाच्या तसा पडद्यावर उतरवला. मग बटण दाबलं. पान उघडलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे: सरांनी शिकवलेलं सगळं बरोबर होतं. फक्त ते खुद्द सरांनाही माहीत नव्हतं.

पान अगदी साधं होतं. वर मोठ्या अक्षरांत, ‘दुकान हललंय. आई तीच आहे.’ खाली यंत्राचा फोटो. त्याखाली, ‘बंद शटरच्या मागची गल्ली, पाण्याच्या टाकीवरून तिसरं दार.’ दार या शब्दावर लिंक. ती दाबली की गल्लीचा नकाशा. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर एक मोकळी जागा राखलेली आहे, असं माहितीपुस्तिकेच्या नवव्या पानावर छापलेलं होतं. नववं पान वाचणारी ती पहिलीच. तिने आपलं पान त्या जागेवर चढवलं, संगणक बंद केला आणि कव्हरं घडी घालायला गच्चीवर गेली.

गुन्हा उघडकीला आला तो तीन आठवड्यांनी, महाविद्यालयाच्या हेडक्लार्कच्या घरी.

“अहो, तुमच्या कॉलेजचं पान उघडलं हो!” त्यांची बायको म्हणाली. “माझ्या मशीनचा पट्टा निसटला होता ना? पत्ता तिथेच मिळाला. बाई तिसऱ्याच दारात. तासाभरात मशीन दुरुस्त!”

हेडक्लार्कनी कप खाली ठेवला. “पान उघडलं? कोणी?”

“मी.”

“कशाने?”

“बोटाने! आणखी कशाने उघडणार?”

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती बसली. प्राचार्य, सर, हेडक्लार्क आणि परीक्षेसाठी आलेलेच होते म्हणून बाहेरचे परीक्षक. आरोपपत्रात सहा कलमं होती: समास नाही, शाई नाही, सरांची सही नाही, दोरा नाही, पानाला क्रमांक नाही, आणि (हे सर्वांत गंभीर) पान बाहेरच्या लोकांना दिसतं. विद्यार्थिनीला खिडकीजवळच्या संगणकावर ते पान दाखवायला सांगण्यात आलं.

“उघडतं म्हणजे काय? आपोआप?” प्राचार्यांनी विचारलं.

“शब्द दाबला की, सर,” सर म्हणाले.

“दोऱ्याशिवाय?”

“दोरा नाहीच आहे, सर.”

मग हेडक्लार्कनी सुचवलं की निदान सही करून टाकावी, म्हणजे एक कलम तरी कमी होईल. सरांनी खिशातून पांढऱ्या फळ्यावर लिहायचं पेन काढलं आणि पडद्याच्या काचेवर, उजव्या कोपऱ्यात, तारखेसह झोकदार सही केली. सगळ्यांना हायसं वाटलं. तेवढ्यात मुलीने नकाशाची लिंक दाखवायला पान वर सरकवलं. पान गेलं, सही जागेवरच राहिली.

“हे चालणार नाही,” प्राचार्य म्हणाले. “सही पानाबरोबर गेली पाहिजे. उद्या ही सही कशावरही दिसेल!”

“तसं पाहिलं तर,” परीक्षक म्हणाले, “पान चांगलं आहे.”

“चांगलं आहे हो,” प्राचार्य म्हणाले, “पण गुण कुठे द्यायचे? पान उघडण्याला रकाना आहे का? नाही. मग रकानाच नसलेली गोष्ट या पोरीने केलीच कशी?”

समितीने निर्णय दिला: सदर पान हे कच्चं काम समजण्यात यावं. नियम बावीसनुसार कच्चं काम विद्यार्थ्याने समितीसमोर खोडरबराने खोडावं, आणि तेच पान वहीत दोऱ्यासह सादर करावं. न खोडल्यास विद्यार्थिनी नापास, वर्ष वाया.

गाठवालीने पडद्याकडे पाहिलं. त्या तीन आठवड्यांत आईकडे नऊ यंत्रं आली होती. त्यांतली चार अजून खोलीत उघडी पडलेली होती, आणि आईने खोली सोडायचा विषय काढणं बंद केलं होतं.

“सर, खोडरबरानेच ना?” तिने विचारलं.

“खोडरबरानेच. नियम आहे.”

“पेन्सिलीच्या की शाईच्या?”

नियमपुस्तिका पुन्हा उघडली गेली. “पांढऱ्या. पेन्सिलीच्या.”

तिने कंपासपेटीतून पांढरं खोडरबर काढलं आणि पडद्याची काच पुसायला घेतली. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकही कोपरा न सोडता. सरांची सही फिकी झाली, मग गेली. शेवटचा कोपरा पुसताना तिच्या डाव्या अंगठ्याने काचेखालचं बटण दाबलं. पडदा काळा झाला. तिने काचेवरचा चुरा फुंकून टाकला, रुमालाने काच स्वच्छ केली आणि बाजूला होऊन उभी राहिली.

प्राचार्यांनी वाकून पाहिलं. हेडक्लार्कनी चष्मा पुसून पाहिलं. पडद्यावर काही नव्हतं. “संपूर्ण खोडलं,” असा शेरा पडला. परीक्षकांनी सही केली आणि ते खिडकीबाहेर बघत बराच वेळ खोकले. नीटनेटकेपणाबद्दल मुलीला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. संकेतस्थळावरचं पान होतं तिथेच राहिलं, कारण त्याला खोडरबर लागलंच नव्हतं. त्याच संध्याकाळी आईकडे दहावं यंत्र आलं. प्राचार्यांच्या बहिणीचं होतं.

बाळांनो, हसलात? हसा. त्या समितीला पडदा आणि कागद यांतला फरक कळत नव्हता, हसण्यासारखंच आहे. पण हसून झाल्यावर जरा स्वतःच्या उजव्या हाताकडे बघा. मी सांगितलं म्हणून छापलेल्या एका शब्दावर बोट टेकवून अजून कोण कोण बसलंय? लाजू नका. तुम्हाला अशा महाविद्यालयात प्रवेश नक्की मिळेल, आणि तुमचं अक्षर चांगलं असेल तर समितीवरही घेतील.

त्या पोरीला मात्र असं थांबून बसायला वेळ नव्हता. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दहाला पाच कमी असताना, ती दुसऱ्या मजल्यावर पोचली. तिच्या मागे जिन्यावर वर्गातली एकोणतीस मुलं-मुली उभी होती. प्रत्येकाच्या एका हातात आपापली वही, दुसऱ्या हातात साबणाची वडी.

“काका,” गाठवाली म्हणाली, “कव्हरं फार मळलीत हो.” आणि तिने स्वतःच खिडकीजवळच्या संगणकामागे हात घालून पहिली नाडी सोडली.