केरबाभाऊंच्या रेडिओतली खरखर

"मी लोकेश. भाईंदरपासून उत्तनपर्यंत ज्याच्या चपलांचा आवाज ऐकून गुन्हेगार स्वतःच कबुली देतात, तो," असं वैजयंताबाईंचा जावई ज्याला त्याला सांगायचा. आजवर त्यानं एकच चोर पकडला होता, आणि तो त्याचा सख्खा मामा निघाला.

पण या वेळी बाईंचाच नाइलाज होता. वरच्या मजल्यावरच्या केरबाभाऊंचा रेडिओ सातच्या बातम्यांना रोज खरखरायचा. भाऊ म्हणायचे, हा वैजयंताच्या मिक्सरचा प्रताप, तेव्हाच ती आमटीचा येसर मसाला दळते. संध्याकाळचं दळण बंद करा, असा ठराव ते रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये आणणार होते. आणि बाईंचं घर तो येसर विकूनच चालायचं.

"आई, हवेतून विजेचा उपद्रव येतोय. मोजायला यंत्र अचूक पाहिजे," लोकेश म्हणाला आणि होकायंत्र घेऊन आला. "गुन्हेगार उत्तरेला आहे."

"उत्तरेला खाडी आहे, जावईबापू. मासे मिक्सर लावत नाहीत."

मग टेस्टर आला. तो प्रत्येक सॉकेटमध्ये पेटला. "सगळे सामील आहेत," लोकेश कुजबुजला. मग मोबाइलातलं ॲप. त्याचा काटा लोखंडी कपाटापाशी उसळला. "आत काय लपवलंय?"

"तुमचा लग्नातला सूट. तो लपवलेलाच बरा."

शेवटी त्याला मोठं मशीन भाड्यानं हवं झालं. "अनामत म्हणून तुमचा मिक्सर ठेवू."

बाई उठल्या. मिक्सरचं भांडं पदराआड घेऊन तडक वर गेल्या. लोकेश मागोमाग.

सात वाजले. केरबाभाऊंनी तथागतांच्या तसबिरीवरची नवी लायटिंगची माळ लावली, वंदना केली आणि खालच्या फळीवरचा रेडिओ सुरू केला. खर्रर्र.

"ऐका, तुमचा मिक्सर."

बाईंनी भांडं त्यांच्यापुढे आदळलं. "मग खाली काय दळतंय, माझं नशीब?"

रागानं त्यांनी रेडिओ उचलला आणि खिडकीशी नेला. बातम्या स्वच्छ. परत फळीवर ठेवला, खर्रर्र. बाईंनी आधी हात जोडले, मग माळेचं बटण बंद केलं. निवेदिका लख्ख बोलू लागली.

"माळ कुठनं आणली, भाऊ?"

"स्टेशनबाहेरनं. स्वस्त होती." भाऊंनी मान खाली घातली. "मीटिंगमध्ये आता काय सांगू?"

"हेच सांगा. आणि येसर कसा झालाय, तेही सांगा."

"मलाही माळेचाच संशय होता," लोकेश म्हणाला.

बाईंनी माळ पुन्हा लावली, रेडिओ त्याच्या हातात दिला आणि त्याला खिडकीत उभं केलं. "भाऊंच्या बातम्या संपेपर्यंत हलायचं नाही, जावईबापू. एवढ्या यंत्रांत कामाचं हेच निघालं."

आणि भांडं उचलून त्या खाली दळायला गेल्या.