सासूबाईंचा वरचा सूर

"आज माझा आवाज थरथरला, तर रेकॉर्ड घेऊन जाईन मी माझी. तुमच्या त्या यंत्राने गळ्याचं पार वाटोळं केलंय!" सासूबाईंनी फोनवर जावयाला बजावलं. तरुणपणी त्यांनी गायलेली ही एकुलती एक रेकॉर्ड. मागच्या रविवारी लावली, तर सासूबाई थंडीत कुडकुडत गातायत असं वाटत होतं. आज तर थोरल्या बहिणीलाही घेऊन येणार होत्या. म्हणजे फजिती, तीसुद्धा साक्षीदारासकट!

सकाळपासून भिंतीवरच्या फळीवर ठेवलेल्या रेकॉर्ड प्लेयरच्या सुईच्या दांड्याशी जावयाची झटापट चालली होती. आधी दांडा हवेत आडवा तरंगला पाहिजे, मग मागचं वजन हळूहळू फिरवायचं, असं दुकानदाराने सांगितलं होतं. त्याने फिरवलं. आवाज खणखणीत! "जमलं गं!" म्हणून तो ओरडला, तोवर थरथर परत सुरू.

"मगाशी तर बरं वाजत होतं," बायको दारातून म्हणाली.

"म्हणून तर डोकं फिरलंय माझं!"

वजन वाढवलं, थरथर तशीच. कमी केलं, तर सुई टुणकन उडून थेट गाण्याच्या शेवटी. शेवटी दमून तो हात बांधून नुसता बसला, आणि गाणं आपोआप सुधारलं.

"अगं, मी काहीच केलं नाही!"

"मग तेच करा परत."

"पण नक्की काय करायचं नाही, ते तरी कळू दे!"

इतक्यात बेल वाजली. दोघी बहिणी सोफ्यावर बसल्या. जावयाने देवाचं नाव घेऊन सुई टेकवली. पुन्हा थरथर! सासूबाईंनी रेकॉर्डच्या पाकिटाकडे हात नेला.

"आलेच हं! चादरी पिळून होतायत," आतून बायको म्हणाली. भिंतीपलीकडे खट्ट झालं, वॉशिंग मशीन थांबलं, आणि इकडे आवाज एकदम स्वच्छ.

जावई भिंतीकडे बघतच राहिला. मशीन! भिंत हादरत होती, भिंतीवरची फळी हादरत होती, आणि तो बिचाऱ्या दांड्याचा कान पिळत बसला होता. त्याने मोठ्या ऐटीत गाणं पहिल्यापासून लावलं. शब्द न् शब्द ऐकू येत होता. अंतरा आला, सूर वर चढला, आणि अगदी टोकाला जाऊन साफ घसरला.

"अगं बाई!" थोरली बहीण म्हणाली. "इथे तर तूच बेसूर झालीयेस! आणि इतके दिवस यंत्राला नावं ठेवतेस?"

सासूबाईंचा चेहरा पडला. जावयाला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण उलट त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने सासूबाईंनी लेकीला हाक मारली. "धुवायचं काही उरलंय का गं?"

"नाही गं आई, सगळं झालं."

सासूबाईंनी खांद्यावरची कडक इस्त्रीची शाल काढली. "ही टाक. फार मळलीय."

बायको काही बोलणार, तोच जावयाने शाल उचलली आणि स्वतः जाऊन मशीन लावून आला.