वाळवीची मेस

"आले! अहो, आले! मेंबर आले!"

सकाळची वेळ. मी गच्चीवर योगासनं करत होतो. म्हणजे शवासन. बाकीची आसनं पुस्तकात दिसतात तशी माझ्या अंगाला होत नाहीत, हे मात्र पहिल्याच दिवशी निर्दोष जमलं, म्हणून तेवढंच करतो. तर कंपाउंडच्या भिंतीपलीकडून ही आरोळी आली आणि शव ताडकन उठून बसलं.

खाली वाकून पाहिलं. शेजारच्या कमलमावशी जास्वंदीच्या बुडाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातात एक गोल झाकण, आणि चेहरा असा, की जणू घरात पहिलं नातवंड झालंय.

"परागराव, पळा लवकर! तीन नंबरला पंगत बसलीय! भरगच्च!"

मी अनवाणी पळालो. जास्वंदीशेजारी जमिनीत एक हिरवं प्लास्टिकचं नळकांडं पुरलेलं होतं. आत लाकडाच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर तांदळाच्या कणीएवढ्या पांढुरक्या वाळव्या. शेकडो! नुसती झुंबड!

"पाहिलंत ना? आता झाकते," मावशी म्हणाल्या. "जेवणाऱ्याच्या ताटात फार वेळ डोकावू नये."

घराला वाळवी लागली म्हणून डोक्याला हात लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. वाळवी जेवायला आली म्हणून पेढे आणायला सांगणारी बाई अख्ख्या धायरीत एकच, आणि ती आमच्या भिंतीला भिंत लावून राहते.

मावशींची नारायण पेठेत मेस होती. उभी हयात त्यांनी परगावच्या पोरांना जेवायला घातलं. नवरा लवकर गेला, मुलगा मंदार लहान, हाताला चव. मेस निघाली आणि चालली. भिंतीवर पाट्या होत्या. 'भाजीत मीठ कमी वाटल्यास मागून घ्यावे. जास्त वाटल्यास पाणी प्यावे.' आणि दारावर अर्थातच, 'आमची कोठेही शाखा नाही.' पुढे गुडघे बोलायला लागले. मंदार हिंजवडीत नोकरीला लागला, त्याने धायरीत रो-हाउस घेतलं, आणि आईला मेस बंद करायला लावून इकडे आणलं.

मावशी आल्या, पण डोक्यातली मेस काही बंद झाली नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं: त्यांच्याकडे जेवलेली आणि न जेवलेली. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो आणि त्याचं त्यांना खरोखर वाईट वाटतं. "परागराव, तुम्ही तेव्हा माझ्याकडे जेवला असतात, तर असे झाला नसतात," असं त्या माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणतात. 'असे' म्हणजे कसे, हे मी अजून विचारलेलं नाही. बायकोने विचारलं. उत्तर दोघींनी माझ्यापासून लपवून ठेवलंय.

येताना मावशींनी मेसमधली एकच वस्तू आणली. टेबल. आंब्याच्या लाकडाचं, लांबलचक, दोन्ही बाजूंना बाकं. रो-हाउसच्या हॉलमध्ये ते असं दिसतं, जसा एखाद्याने स्कूटरच्या पार्किंगमध्ये ट्रक लावावा. त्यावर आता कोणी जेवत नसे. मंदार आणि सूनबाई शलाका दोघंही कंपनीच्या बसने जाणार, तिथेच खाऊन येणार, घरी असले तर लॅपटॉपसमोर वाटी घेऊन बसणार. टेबलावर इस्त्रीचे कपडे, प्रिंटर आणि पार्सलची खोकी.

होळी झाल्यावर एका रविवारी मंदारने एक खोकं फोडण्यासाठी त्या टेबलावर कोपर टेकलं, आणि कोपर आत गेलं.

वरून टेबल ठणठणीत, आतून भुसकट! भिंतीच्या कडेने मातीची बारीक नळी वर चढत आलेली, ती थेट टेबलाच्या पायात. मंदारने पेस्ट कंट्रोलवाले बोलावले. ते म्हणाले, भिंतीच्या कडेकडेने भोकं पाडू, औषध ओतू, त्याआधी हॉल रिकामा करा.

"टेबल बाहेर काढू," मंदार म्हणाला. "आणि आई, खरं सांगू? बाहेर काढलंय तर..."

"पुढचं बोलू नकोस," मावशी म्हणाल्या. बाहेर गेलेलं टेबल आत येणार नाही, हे त्यांनी ओळखलं.

त्या कामावरच्या माणसाचं नाव प्रफुल्ल. वर्ध्याकडचा, चाळिशीचा, मिशा झुबकेदार, आवाज हळू. त्याने मावशींचा चेहरा पाहिला आणि म्हणाला, "दुसराही उपाय हाय जी मावशी. पण टाइम लागते." घराभोवती जमिनीत नळकांडी पुरायची. आत साधं लाकूड ठेवायचं. वाळवी फिरत फिरत आली आणि खायला लागली, की लाकडाच्या जागी औषधाचं खाणं ठेवायचं. त्याने वाळवी लगेच मरत नाही. ती ते खाते, वारुळात नेते, बाकीच्यांना भरवते. कात टाकायची वेळ आली की मात्र टाकता येत नाही, आणि हळूहळू सगळं वारूळच बसतं.

"एवढा घोळ कशाला?" मंदार म्हणाला. "सरळ मारायचं ना!"

मावशींचे डोळे चमकायला लागले होते. "सरळ मेला तर दुसरा येईल का जेवायला? मेस आहे ही! पहिल्यांदा साधं, पण चोख जेवण द्यायचं. एक आला की तो दुसऱ्याला आणतो. मेंबर मेंबराला आणतो! आणि इथे तर बसून खाणारे कमी, डबा घरी नेणारे जास्त. हो ना, प्रफुल्ल?"

"तसंच म्हना," प्रफुल्ल म्हणाला.

मंदारने शेवटी मुदत दिली. "दिवाळीपर्यंत. तोवर वाळवी गेली नाही तर भोकं पाडायची आणि टेबल भंगारात. मान्य?"

"मान्य," मावशी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "परागराव, खड्डे खणायला या."

खड्डे मी खणले. बायको म्हणते, प्रफुल्लने खणले आणि मी तेवढा वेळ फावड्याला टेकून उभा होतो. असो. घराभोवती दहा नळकांडी बसली आणि मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आयुष्यभर पाटी लावली, आमची कोठेही शाखा नाही म्हणून. म्हातारपणी एका दिवसात दहा शाखा!"

मग सुरू झालं वाट बघणं. झाकण सारखं उघडायचं नाही, वाळवी बिथरते, असं प्रफुल्लने बजावलं होतं. मावशी ठरल्या दिवशीच उघडत. एरवी नुसत्या फेऱ्या मारत. "काही आवाज येतोय का हो?" असं मला विचारत. मी जमिनीला कान लावला. समोरच्या रो-हाउसमधल्या बाईंनी ते पाहिलं आणि आमच्या बायकोला फोन केला, की ह्यांना बरं नाहीये का.

"पाच नंबर, खाडा," मावशी सांगायच्या. "सहा नंबर, खाडा. सगळ्यांचा खाडा! काय कमी पडतंय माझ्या जेवणात?"

आणि इथे घोटाळा झाला. नुसतं कोरडं लाकूड कोण खाईल, असं मावशींच्या मनाने घेतलं. त्यांनी एक नंबरच्या लाकडाला गुळाचं पाणी लावलं. वर थोडं तूप.

पुढच्या खेपेला प्रफुल्लने झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. "काहून जी मावशी! मुंग्याच मुंग्या न बाप्पा! गूळ टाकला का याच्यात?"

"थोडासाच."

"मुंग्या आल्या की वाळवी पळते न!"

मावशी इतक्या खजील झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. "म्हणजे ह्यांना बिनमसाल्याचंच लागतं," त्या पुटपुटल्या. "पथ्याचे मेंबर आहेत. सांगायचं तरी आधी."

त्यानंतर नळकांड्यांशेजारी पाट्या उगवल्या. पुठ्ठ्यावर, मावशींच्या ठसठशीत अक्षरात: 'येथे मेंबर जेवतात. झाकण उघडू नये, पाणी घालू नये, सल्ला देऊ नये.' शेवटचं कलम माझ्यासाठी होतं, असं मला वाटतं.

एकदा मंदारने भिंतीवरच्या मातीच्या नळीवर भस्सकन फवारा मारला. घरात जो आवाज झाला, तो आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आला. "अरे, मेंबर दारात उभे आणि तू त्यांच्या तोंडावर फवारा मारलास? आता ते सगळ्यांना सांगतील, की इथे जाऊ नका म्हणून! तुला माझं टेबल घालवायचंय, माहितीय मला!" मंदार बिचारा बाहेर येऊन भिंतीपाशी उभा राहिला. "काका," मला म्हणाला, "मी दिवसभर कंपनीत तीस लोकांना सांभाळतो. पण हे अवघड आहे."

म्हणूनच 'मेंबर आले' ही आरोळी ऐकून मीही अनवाणी पळालो. खोटं कशाला बोलू, माझंही काळीज धडधडत होतं! प्रफुल्ल आला, लाकूड काढून औषधाचं खाणं ठेवलं. मावशींनी जाहीर केलं, "आजपासून फीस्ट!" पुढच्या खेपेला खाणं निम्मं संपलेलं. मग चार नंबरला वाळवी, मग आठ नंबरला. "बघा! मेंबर मेंबराला आणतो!" मी ऑफिसातून फोन करून विचारायला लागलो. "सात नंबरला काय परिस्थिती?" पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना वाटे, मी शेअर बाजारात शिरलो.

गणपती झाले आणि खाणं उरायला लागलं. नवरात्रात तीन नंबरला चारदोन सुस्त वाळव्या. दिवाळी तोंडावर आली, तेव्हा प्रफुल्लने एकेक करून दहाही झाकणं उघडली. मागे मावशी, मागे मी, मागे मंदार, अशी वरात. दहाही रिकामी! हॉलमधली मातीची नळी त्याने नखाने फोडली. कोरडी, ठिसूळ. टेबलाचा पाय ठोकून पाहिला. नवीन काही नाही.

"संपलं जी," तो म्हणाला. "वारूळ बसलं."

मी टाळ्या वाजवल्या. मंदारने दोन्ही हात जोडले. "जिंकलीस, आई. टेबल राहिलं. सुताराला बोलावून तेवढा पाय बदलून घेऊ." मी धावत जाऊन पेढे आणले. केवढा आनंद! मावशींनी पेढा घेतला आणि हातातच ठेवला.

प्रफुल्ल निघून गेल्यावर आणि मंदार आत गेल्यावर त्या तीन नंबरच्या नळकांड्यापाशी बसल्या. झाकण उघडं होतं.

"परागराव," त्या म्हणाल्या, "एवढी वर्षं मेस चालवली. माझ्या हातचं खाऊन कधी कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. लोक सांगतील तुम्हाला."

"माहीत आहे, मावशी."

"आणि ह्यांना मी जेवायला बोलावलं. रोज वाट बघितली. ते विश्वासाने आले, आणि वर डबा घरी घेऊन गेले. घरी पोरंबाळं असतील. त्यांनाही तेच भरवलं असेल."

"मावशी, वाळवी होती ती!"

"हो. पण जेवायला आली होती ना माझ्याकडे."

मावशींनी झाकण लावलं, पेढा माझ्या हातात दिला, आणि उठताना म्हणाल्या, "रविवारी दोघंही जेवायला या. प्रफुल्ललाही सांगते."

रविवारी गेलो तर हॉल ओळखू येईना. टेबलावरून प्रिंटर गायब, खोकी गायब, नव्या पायाचा रंग वेगळा. टेबलाने एकाच पायात मोजा घातलाय, असं मंदार म्हणत होता आणि मावशी त्याच्याकडे दुर्लक्ष करत होत्या. मटकीची उसळ, बटाट्याची भाजी, आमटी, गरम पोळ्या. मंदार, शलाका, आम्ही दोघं आणि प्रफुल्ल, असे बाकांवर बसलो. लॅपटॉप कुणाचाच नाही. मावशी उभ्या. "बसा ना तुम्हीही," म्हटलं तर, "मेंबर उठल्याशिवाय मी बसत नाही."

मी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगत नाही. 'असे' होण्यापासून वाचायची उशिरा का होईना संधी होती.

जेवण उरकत आलं तेव्हा प्रफुल्ल जरा चुळबुळला. बायकामुलं गावी, इथे खोली करून राहतो, हे आम्हाला ठाऊक होतं. "मावशी," तो म्हणाला, "बोलू का नको कळत नाही. रूमवर आनखी दोघं हायेत. आमच्याकडचेच. बाहेरचं खाऊन खाऊन पोट बिघडलं त्यांचं. थोडा डबा भेटन का, घरी न्यायला?"

मावशी तीन नंबरपाशी काय बोलल्या होत्या, ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. माझा घास मात्र हातातच राहिला. मावशींनी पोळीची दुरडी टेबलावर ठेवली.

मग त्या आत गेल्या. वरच्या फळीवरून काहीतरी काढल्याचा आवाज झाला. परत आल्या त्या मेसचा जुना, चार पुडांचा डबा घेऊन. टेबलावर आमच्यासमोरच भरायला घेतला. उसळ, भाजी, आमटी, पोळ्या. प्रत्येक पूड भरलं, की त्यातलं थोडंसं चमच्याने स्वतःच्या तळहातावर घ्यायच्या, तोंडात टाकायच्या, क्षणभर थांबायच्या, आणि मगच वरचं पूड बसवायच्या.

शेवटची कडी लावली आणि डबा प्रफुल्लपुढे सरकवला.

"उद्यापासून किती जण याल," त्यांनी विचारलं, "ते आत्ताच सांग. पीठ भिजवायला अंदाज लागतो."

आणि पहिल्यांदाच, मेंबर उठायच्या आत, त्या बाकावर बसल्या.